१९३० च्या ठळक घटनांत मी

२६ जानेवारी १९३०, घोडेगाव
मुंबईच्या कापडवाल्याने भेट दिलेली डायरी आज उघडली. शेवटच्या पानावर छापलंय: 'वर्षातील ठळक घटना'. पहिली नोंद केली: देवळासमोर पूर्ण स्वराज्याची शपथ. तिच्याखाली आत्ताच शाईने लिहून ठेवलं: 'रमणलाल दलीचंद यांस कारावास.' तारखेपुरती जागा सोडली. दुकानातलं विलायती कापड मागच्या फळीवर सारलं. गिऱ्हाइकाने मागितलं तरच काढायचं.

१५ मार्च
पेपरात वाचलं, दांडीची पदयात्रा निघाली. मीही उद्यापासून रोज नदीपर्यंत चालणार.

१६ मार्च
वहाण चावली.

८ एप्रिल
मिठाचा कायदा मोडला गेला. मीही मोडला असता, पण घोडेगावला समुद्र नाही. असल्या अडचणी सरकार मुद्दाम करतं.

७ मे
महात्माजींना अटक. लिस्टमध्ये नोंदलं. माझी ओळ वर आणि त्यांची खाली, हे बरं दिसत नाही. पण शाई वाळली.

२ जून
गावातला कुंडलिक सत्याग्रहापायी महिनाभर येरवड्याच्या तुरुंगात राहून आला. तिथल्या जेवणाची चौकशी केली. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर खात नाही. तो म्हणाला, "दिस असतानाच वाढत्यात, शेठ." वाईट वाटलं. मग विचारलं, भाजीत कांदा? "लई!" हायसं वाटलं. कांदा आम्हाला वर्ज्य. तत्त्वाचा प्रश्न आहे. आमची ही, प्यारीबाई, म्हणाली, "भाजी सारा बाजूला, मीठ-भाकरी खावा." बायकांना तत्त्व कळत नाही.

११ जुलै
चातुर्मास लागला. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गाव सोडणार नाही, असा नियम घेतला. येरवडा गावाबाहेर आहे.

२९ ऑगस्ट
काल संवत्सरी. दरसालाप्रमाणे चाळीस क्षमापत्रं लिहिली: 'वर्षभरात जाणता-अजाणता आपला जो काही अपराध आमच्या हातून घडला असेल, त्याची दोन्ही हात जोडून क्षमा मागतो.' व्यापारी, सोयरे, मामलेदार, फौजदार. ही म्हणाली, "यंदा फौजदाराला कशापायी?" म्हटलं, धर्मात भेदभाव नसतो. शिवाय अक्षर फर्स्ट क्लास आलंय.

७ नोव्हेंबर, सकाळ
नियम काल संपला. दुसरा सुचेना. आज जंगल सत्याग्रह: सरकारी कुरणातलं गवत कापायचं आणि पकडून घ्यायचं. हिने ओवाळलं, हार घातला, हातात विळा दिला. गावभर "शेठ निगालं!" झालं.

त्याच दिवशी, दुपार
घरीच आहे.
हिरवं गवत कापणं म्हणजे हिंसा, म्हणून वाळकी काडी शोधून कापली. शिपायाने दंड धरला. मी हार नीट केला. तेवढ्यात फौजदाराने खिशातून कागद काढला. अक्षर माझं! सगळ्यांसमोर वाचून म्हणाला, "ह्यांनी आधीच लेखी माफी मागितलीय. सोडा ह्यांना." म्हटलं, साहेब, हा आमचा धर्म आहे, मी सगळ्यांचीच मागतो. "मग तर लईच सज्जन. जावा घरी." शेजारचा सावळेराम हसून हसून खाली बसला.
हिने माझ्या हातातला विळा ओढून घेतला, दोन मुठी गवत कापलं, तेही हिरवं, आणि म्हणाली, "साहेब, म्या कुनालाच कागद लिवला न्हाई. मला घ्या."

११ नोव्हेंबर
हिला तीन महिने, येरवडा. इथे स्वयंपाक कोण करणार, याचा सरकारने विचारच केलेला नाही. खाणावळीत जेवलो. दिवेलागण होऊन गेली होती. भाजीत कांदा होता.

३१ डिसेंबर
ठळक घटनांचं पान पुरं केलं. माझी ओळ खोडली तर डायरी खराब दिसेल. म्हणून 'यांस' खोडून तिथे 'यांच्या पत्नीस' एवढंच बारीक अक्षरात बसवलं. तारीख घातली.
आज तिचं पत्र आलं. तुरुंगात लिहायला शिकली म्हणे. वाकडी, मोठाली अक्षरं: 'मीठ-भाकरी खाते. पुढल्या संवत्सरीला फौजदाराला पत्र नको. मला एक लिहा.'
इतक्या वर्षांच्या चाळीस नावांत हिचं नाव कधीच नव्हतं. फार वाईट वाटलं. लगेच कागद घेतला. 'जाणता-अजाणता' पर्यंत आलोही. मग आठवलं, तुरुंगातली पत्रं साहेब लोक उघडून वाचतात. आणखी एक लेखी माफी सापडली, तर गावात तोंड दाखवायला जागा उरायची नाही.
कागद घडी करून ठेवला. संवत्सरीला बघू. तोवर ती सुटून आलेली असेल, आणि घरातल्या माणसाला पत्र कोण लिहितं?