कामावर झोपलो होतो असे ठरवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख साहेब,
रात्रगस्त व पादचारी सुरक्षा विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : रात्रपाळीचा पहारेकरी, बिल्ला क्र. ४१८, गोदाम गल्ली.

विषय : दि. ९ ऑगस्टच्या रात्री अर्जदार कामावर झोपला होता असे ठरवून त्यास योग्य ती शिक्षा मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या विभागाचे पत्रक, 'रात्री पायी चालताना घ्यावयाची काळजी', सूचना १ ते ९.
२) गोदाम गल्लीची शिट्टी-नोंदवही, पान ११२.
३) आपले सत्काराचे पत्र, दि. ३ मार्च.

महोदय,

सविनय निवेदन करण्यात येते की, अर्जदारास नोंदवहीच्या रकान्यांपलीकडे लिहिण्याची सवय नाही. म्हणून हा अर्ज आपल्याच कार्यालयाच्या जिन्याखाली टेबल टाकून बसणाऱ्या अर्जलेखकाने लिहिला आहे. या टेबलावर सत्तावीस वर्षांत बढतीचे, बदलीचे, माफीचे असे हरतऱ्हेचे अर्ज लिहून झाले. 'मला दोषी धरा' म्हणून हातापाया पडणारा हा पहिलाच. त्याला वेड लागलेले नाही, एवढे अर्जलेखकाने आधी नीट पाहून घेतले आहे.

१. अर्जदार एकोणीस वर्षे पहाऱ्यावर आहे. बरोबरचे लोक त्याला घुबड म्हणतात आणि त्याला या नावाचा मोठा अभिमान होता. पहाऱ्याची रीत आपणांस ठाऊक असेलच. तरी दुसऱ्या मजल्यापर्यंत शिट्टीचा आवाज पोचत नसावा, म्हणून लिहितो. पहारेकरी अधूनमधून एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या वाजवतो. अर्थ एवढाच की, मी जागा आहे, सगळे ठीक आहे. ऐकणाऱ्याने तशाच शिट्ट्या उलट द्यायच्या आणि नोंदवहीत वेळ लिहायची. जागा सोडून जायचे नाही. जागा सोडली तर बिल्ला जातो. संकटाची शिट्टी निराळी असते, दम संपेपर्यंत सलग. ती एकोणीस वर्षांत अर्जदाराच्या कानावर एकदाही आली नव्हती, त्यामुळे ती कोणाला शिकवायची असते हे तो साफ विसरून गेला होता.

२. मागील वर्षी आपल्या विभागाने रात्री पायी घरी जाणाऱ्या बायकांना पत्रकासोबत शिट्ट्या वाटल्या. नव्या मागवायचा खटाटोप कोण करतो? पहारेकऱ्यांच्या उरलेल्या पेटीतल्याच काढल्या, लाल दोरी ओवली आणि वाटल्या. अर्जदाराची मुलगी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी दाबायच्या यंत्रावर आहे. दुसरी पाळी सुटली की पंचवीस मिनिटे चालत घरी. घरात बापलेक दोघेच. तिची शिट्टी अर्जदाराने स्वतः रांगेत उभे राहून आणली आणि स्वयंपाकघरात उभे करून तिला वाजवायला शिकवली. त्याला येत होती तीच शिकवली. पहिल्याच फुंकरीला एक लांब, दोन आखूड, हुबेहूब बापासारखी. शेजाऱ्याने भिंतीवर थापा मारल्या. अर्जदाराने पोरीची पाठ थोपटली. ही गोष्ट त्याने या टेबलापाशी तीनदा पहिल्यापासून सांगितली; मागे रांग लागली होती, हेही नमूद करतो.

३. दि. ९ ऑगस्टला तिची पाळी साडेबाराला सुटली. पत्रकातली एकूण एक सूचना तिने पाळली, यात अर्जदाराला तिळमात्र शंका नाही. नियम पाळण्याची खोड घरातलीच आहे. सूचना १ प्रमाणे उजेडाचा रस्ता धरला. सूचना ३ प्रमाणे किल्ल्या मुठीत. मागे एक माणूस लागला आहे असे वाटताच सूचना ४ प्रमाणे रस्ता ओलांडला. त्यानेही ओलांडला. सूचना ५ प्रमाणे तिने उघडे दुकान शोधले. (ही सूचना ज्यांनी लिहिली त्यांनी रात्री एक वाजता गोदाम गल्लीत येऊन असे दुकान दाखवावे. अर्जलेखक स्वतः सोबत येईल.) ती पळू लागली. पळता पळता सूचना ७ : 'शिट्टी वाजवावी, ऐकणारे मदतीस धावतील.' तिने वाजवली. शिकवली होती तशीच वाजवली.

दोनशे पावलांवर, गोदामाच्या कोपऱ्यापलीकडे, अर्जदार डोळ्यात तेल घालून बसला होता. त्याला वाटले, पलीकडे कोणी नवा गडी लागला आहे. त्याने उत्तर दिले. मागचा माणूस दचकून थांबला. कोणी आले नाही. तिने परत वाजवली, परत उत्तर गेले. तिसऱ्यांदा वाजवली, तिसऱ्यांदा गेले. मग त्या माणसाच्याही ध्यानात आले की या गल्लीत शिट्टीला शिट्टी येते, माणूस येत नाही. पुढचे सगळे पोलिसांच्या कागदात आहे. जबडा दोन ठिकाणी मोडला. उजव्या कानाने आता ऐकू येत नाही. हे चालू असताना अर्जदार बाकावर बसून सुवाच्य अक्षरात लिहीत होता : '१२.५२, १२.५३, १२.५४. शिट्टी ऐकली, उत्तर दिले, सर्व ठीक. शेरा : वाजवणाऱ्याचा दम चांगला.'

तिच्यापुढे चाळीस पावलांवर मोठा रस्ता होता आणि त्यावर वाहने चालू होती. पळता पळता ती मध्येच का थांबली, हा प्रश्न आपल्या चौकशी अधिकाऱ्यांनी, ती बोलू लागल्यावर, तिला चार वेळा विचारला. चारही वेळा ती गप्प राहिली. 'तक्रारदार सहकार्य करीत नाही' असा शेरा मारून अधिकाऱ्यांनी फाईल बांधली.

४. जबडा तारांनी बांधल्यामुळे मुलीला सहा आठवडे बोलता येत नव्हते. शुद्धीवर आल्यावर तिने पिशवीतले आपले पत्रक मागितले आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : ऐकलं नाही? अर्जदार घुबड खरा, पण बाप आहे. तो म्हणाला, "डोळा लागला होता गं." तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. तेव्हापासून सात महिने घरात हेच खरे आहे. बाप झोपला होता. झोपणाऱ्या बापाला मुलगी निदान ताट वाढते. ज्याने ऐकले, उत्तर दिले आणि वर दम चांगला म्हणून शेरा मारला, त्याच्याशी ती कशी वागेल, हा विचार अर्जदाराला करवत नाही. आपणांस करवत असल्यास कळवावे.

५. हेच खोटे कागदावर खरे व्हावे म्हणून अर्जदाराने याआधी दोन अर्ज केले. पहिल्यावर उत्तर आले की, नोंद शाईची असल्याने बदलता येत नाही. दुसऱ्यावर आले की, झोपलेला मनुष्य नोंद करू शकत नाही. सबब अर्जदार जागा होता, आणि जागा असल्याबद्दल विभाग त्याचे अभिनंदन करतो. अर्जलेखकाने जन्मभर असली उत्तरे वाचली आहेत, पण या उत्तराला त्यानेही मनातल्या मनात हात जोडले.

६. कहर म्हणजे संदर्भ क्र. ३. 'तीन शिट्ट्यांना तीन मिनिटांत तीन उत्तरे' या कामगिरीबद्दल अर्जदारास जागरूक पहारेकरी म्हणून दि. २१ मार्चला मानपत्र देण्याचे ठरले आहे. पान ११२ वरील उतारा सभागृहात मोठ्याने वाचला जाईल. वाचन कोण करणार? तर 'सत्कारमूर्तींची कन्या, स्वतः प्रसंगातून गेलेली धाडसी युवती'. पान ११२ आणि मुलीची तक्रार या दोन कागदांवरची तारीख एकच आहे, हे आपल्या कार्यालयात कोणाच्या नजरेस आले नाही. वाचन होईपर्यंत सत्कारमूर्तींनी तिच्या डाव्या हाताला, श्रोत्यांकडे तोंड करून उभे राहायचे आहे.

तरी मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन,
(अ) अर्जदार त्या रात्री झोपला होता असे ठरवावे व त्याचा बिल्ला काढून घ्यावा;
(ब) पान ११२ फाडता येत नसल्यास त्यावर शाई सांडावी. शाई अर्जदार आणून देईल;
(क) यांपैकी काहीच जमत नसल्यास उतारा अन्य कोणाकडून वाचून घ्यावा, आणि निमंत्रण मुलीच्या हाती पडू देऊ नये.

एकोणीस वर्षांत अर्जदाराने दुसरे काही मागितलेले नाही.

आपला नम्र व जागा,
(सही) पहारेकरी, बिल्ला क्र. ४१८
लिहिणार : जिन्याखालचा अर्जलेखक
दि. १४ मार्च

सोबत : १) पत्रक, पाठीमागील पेन्सिलीच्या मजकुरासह.
२) आधीच्या दोन अर्जांची उत्तरे.
३) शिट्टी, लाल दोरीची, एक.

ता. क. दि. १६ मार्च. हा अर्ज आवक खिडकीवर देण्यापूर्वीच आपले निमंत्रण टपालाने अर्जदाराच्या घरी पोचले. मुलीने ते उघडले. सोबतचा उतारा तिने रात्री जेवणे झाल्यावर बापासमोर उभे राहून वाचला, वेळांसकट, शेऱ्यासकट, कुठेही न अडखळता. अर्जदार तिच्या पायाशी बसला आणि माफी मागू लागला. ती म्हणाली, "उत्तर तुमचंच आहे हे मला तिथंच कळलं होतं, बाबा. म्हणून तर मी पळायची थांबले." एवढे बोलून तिने कागद नीट घडी घालून पाकिटात ठेवला. चौकशीत ती चार वेळा का गप्प राहिली, हे अर्जदाराला आता समजले आहे.

सबब मागणी (अ), (ब) व (क) मागे घेण्यात येत आहेत. मुलगी समारंभाला येणार आहे आणि उतारा तीच वाचणार आहे. तसे तिने स्वतःच्या सहीने आपणांस कळवले आहे. अर्जदाराची आता एकच विनंती आहे. उतारा वाचून होईपर्यंत त्याला उभे करू नये, खाली बसू द्यावे.