निरोगी रक्ताचा नमुना

प्रिय आत्या,

फोन असताना हिला पत्राची हुक्की का आली, असं पुटपुटत तू चष्मा शोधत असशील. आधी निवांत बस. माझं काम तुला नीट कळलं नाही, कारण मी ते कायम घाईत सांगितलं. आज तुझ्या शिवणकामाच्या भाषेत सांगते. जखम झाली की शरीर आतून शिवण घालतं, ती रक्ताची गुठळी. काम झालं की तेच शरीर ती उसवतं आणि गाठ न सुटलेले बारीक तुकडे रक्तात फिरत राहतात. ते फार दिसले, तर कुठेतरी गुठळी असल्याचा संशय घ्यायचा. आमच्या प्रयोगशाळेतल्या अँटिबॉडीने, म्हणजे ठरावीक गोष्टीलाच चिकटणाऱ्या प्रथिनाने, फक्त हे गाठीचे तुकडे धरायचे, रिळातल्या कोऱ्या दोऱ्याला, म्हणजे रक्तातल्या अजून न वापरलेल्या कच्च्या मालाला, शिवायचं नाही. तुकडे सापडले की नमुना पिवळा होतो. बस्स, एवढ्यासाठी मी इतकी वर्षं डोकं पिकवतेय.

तुलनेसाठी निरोगी रक्त लागतं, ते आम्ही एकमेकांचंच काढतो. माझ्या दंडाला मागणी जास्त, कारण मला साधी सर्दीही होत नाही. शेवटच्या चाचणीसाठी ताजं रक्त माझंच घेतलं, आणि तो नमुना पिवळाजर्द झाला. पुन्हा केलं, तेच. अँटिबॉडी कोऱ्या दोऱ्यालाही चिकटतेय, असं आमच्या प्रमुख बाईंनी मान खाली घालून सांगितलं. पुढच्या बैठकीत त्या अँटिबॉडीलाच निरोप द्यायचं ठरलं. घरी येऊन मी नवऱ्यावर डाफरले. तो बिचारा भांडी घासत राहिला.

पण बाई चिवट. त्यांनी स्वतःचं, हिशेबनिसाचं आणि दारावरच्या रखवालदाराचंही रक्त काढायला लावलं. सगळे नमुने पाण्यासारखे स्वच्छ, पिवळा फक्त माझाच. अँटिबॉडी वाचली म्हणून मी नाचायचीच बाकी होते. बाई मात्र गंभीर झाल्या. म्हणाल्या, "अगं, ती बरोबर आहे. बिघाड तुझ्यात आहे. पर्स घे, दवाखान्यात चल." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, की गुठळी माझ्याच अंगात असणार. रिक्षात त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

पायांची सोनोग्राफी झाली, गुठळी नव्हती. छातीचा फोटो काढण्याआधी डॉक्टरांनी प्रत्येक बाईला विचारतात तो प्रश्न विचारला, आणि मी विचार न करता नाही म्हटलं. तुला ठाऊकच आहे, उपचार करून करून आम्ही थकलो होतो. पाळी कधी यायची, कधी नाही, म्हणून मी मोजायचंच सोडलं होतं. तूही विचारणं बंद केलंस, त्याचं बरंही वाटायचं आणि रडूही यायचं. डॉक्टर म्हणाल्या, तरी एकदा तपासून घेऊ.

आत्या, तू आजी होणार आहेस. तिसरा महिना चालू आहे, आणि या दिवसांत असे तुकडे रक्तात वाढतातच म्हणे. ठोके मी स्वतः ऐकले. फोनवर मला हे सांगता आलं नसतं, हुंदकेच ऐकू आले असते तुला. आई गेल्यापासून मला तूच वाढवलंस, म्हणून ही बातमी नवऱ्याच्या खालोखाल तुझीच. आता दुकानाचं शटर ओढ, मनसोक्त रड, आणि बॅग भर.

तुझीच,
कटकट