माहेरवाशिणींची नेटवरची पंचमी

१ जुलै २०१२, रवि. निंबर्गा
पंचमी तोंडावर आली. गल्लीतल्या लेकी कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला. आमची धाकटी कमल मस्कतला. माझं लग्न झालं तेव्हा थोरला भाऊ अण्णा पंचमीला मला न्यायला उमरग्याला मुराळी यायचा, परकरातली कमल त्याचं बोट धरून. परतताना एसटीच्या खिडकीसाठी आम्ही दोघी भांडायचो. आता मी कायमचीच माहेरी, समोरच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवते. मनात आलं, लेकी येत नसतील तर पंचमीच नेटवरून, व्हिडिओ कॉलनं, त्यांच्याकडं न्यावी. सगळ्यांना मेल टाकली.

४ जुलै
सगळ्या तयार, पण वार जमेना. मस्कतला सुट्टी शुक्रवारी, पुण्याला रविवारी. शेवटी पंचमीचा आदला दिवस, रविवार, दिवस कलताना. कमल म्हणाली, कामावरून लवकर निघते.
जेवताना अण्णाला सांगितलं.
"कोण कोण हाय?"
"समद्या. कमल बी."
ताटावरून उठला. तिनं पुण्यात परजातीत लगीन केलं, तेव्हापासून हा तिला आणायला गेला न्हाई. फोनवरसुद्धा बोलत नाही.

८ जुलै
तालीम फसली. आधी माझं स्वागताचं भाषण, मग गावाचे फोटो, मग वहिनीची गाणी. शेजारची गंगा, आता पुण्यात असते, ती मधेच कुकर लावायला उठली ती आलीच नाही. बाकीच्या जांभया देत बसल्या. नंतर गंगाचाच फोन.
"सुनंदाक्का, आम्ही काय टीव्ही बघायलोत का? पंचमीला नुसतं कोण बसतंय?"
खरंय. पंचमीला आपण कधी बसलो?

११ जुलै
सगळा बेत मोडून नवा. भाषण रद्द. फेर गंगानं धरायचा. एकदम गायलं की आवाज मागंपुढं होतो, नुसता कालवा. म्हणून एकीनं एक ओळ, पुढची दुसरीनं. मधे उखाणे. आणि माहेरातलं काय बघायचंय ते ज्येनं त्येनं सांगायचं, मी लॅपटॉप उचलून तिकडं जाणार. लाईटीचा भरोसा नाही. शाळेचा इन्व्हर्टर मागितलाय.

१५ जुलै
मागण्या आल्या. गंगाला गावच्या येशीजवळचा आड बघायचाय. कमलला गोठा.
"गोठ्यात काय हाय गं?"
"त्या येळंला अण्णा असतोय तिथं."
चोरून दाखवणं बरं वाटेना. अण्णाला सांगून टाकलं. म्हणाला, "दाखव की. मी शेतात असंन."

२२ जुलै, रवि.
लिहून ठेवते.
लिंबाला झोका बांधला. लाईट गेली, इन्व्हर्टर टिकला. गंगानं हॉलमधल्या खुर्च्या बाजूला सारून फेर धरला, खालच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून वर आली, तिलाही फेरात ओढली! हैदराबादकडून ओळ आली, ती मस्कतनं झेलली. कमलचा आवाज अजून तसाच, वरच्या पट्टीत फाटणारा. आडाजवळ गंगा रडली. मग गोठा. म्हैस होती, अण्णा नव्हता. कमल बघत राहिली. गंगानं विषय बदलायला विचारलं, "कमल, आज खायाला काय केलीस?"
"उपास हाय माझा."
आज नागचतुर्थी. चतुर्थीचा उपास भावासाठी असतो, कोण सांगायला पाहिजे?
"दरसाल धरतीस?" मी विचारलं.
"व्हय."
मागं धप्पकन आवाज झाला. अण्णा. कडब्याचा भारा खाली पडलेला. कधी आला कुणास ठाऊक. पडद्यासमोर आला नाही. तिथूनच म्हणाला, "सुनंदा, तिला म्हण, येळ झालाय. फराळ कर म्हणावं."
मला काही म्हणावं लागलं नाही. "करते अण्णा," तिकडून आलं. मग चित्र अडकलं आणि नेट गेलं.

२४ जुलै
गंगा दिवाळीलाही असंच करू म्हणते. हो म्हणाले. पण काल, खऱ्या पंचमीला, गल्ली सुनी होती. जुन्या पंचम्या फार आठवल्या. रुसून झोक्याखाली बसलेली कमल, आणि तिला उचलून झोक्यावर बसवणारा अण्णा.

२९ जुलै, रवि.
सकाळी कमलचा फोन. "अक्का, अण्णा काय म्हणाला का?"
"न्हाई गं."
तेव्हा ते खरंच होतं. संध्याकाळी धार काढून आला, उंबऱ्यावर बसला.
"हैदराबादच्या इमानतळावर माणसाला आत सोडतेत का?"
"न्हाई. भाईरच थांबावं लागतंय."
"हं. लई गर्दी असंल. माणूस वळखू येतंय का?"
"येतंय की."
मस्कतचं विमान तिथंच उतरतं. कमलला कळवावं का त्यालाच कळवू द्यावं, काही ठरत नाही.