सर्जाचा कान

मंगळवार, संध्याकाळ. राजापेठ.

तो कान काही डोक्यातून जात नाही. मी ज्याची गोष्ट लिहितो त्या आमच्या मोबाइल गेममधला म्हातारा 'सर्जा' म्हणून हाक मारतो आणि बैल दगडासारखा उभा. कान हलवायचं काम पूजाचं. पण आजपासून तिला कंपनीच्या दुसऱ्या, मोठ्या गेमवर घेतलं. तो दिवाळीआधी बाजारात आणायचाय, आणि चित्रांना हालचाल देणारी माणसं आमच्याकडे मोजकीच.

प्रसाद, आमचा मॅनेजर, म्हणाला, "काका, तेवढा प्रसंग काढून टाका. आपला गेम ठरल्या तारखेला बाजारात येईल."

उभा जन्म वर्तमानपत्रात गेला, मजकूर कधी उशिरा दिला नाही. तरी म्हणालो, पूजा परत येईपर्यंत आपला गेम पुढे ढकल.

"तुमी म्हणून राहिले हे?" तो हसला. पण ढकलला.

बरोबर केलं का मी? बैलाच्या कानाकडे बघतं कोण?

निघताना जिन्यात पूजा भेटली. "माह्यासाठी कावून थांबवलं, काका? कोणीबी हलवला असता तो कान."

"कसा हलवला असता, सांग बरं."

"आमच्या बाबानं आवाज देल्ला का आमचा बैल आधी डावा कान वळवते, मंग मान." सांगता सांगता तिनं स्वतःचीच मान हळूच वळवून दाखवली. चांदूर रेल्वे गावातलं तिचं घर क्षणभर जिन्यात आलं.

घरी येऊन म्हाताऱ्याचं पुढचं वाक्य खोडलं. 'माझं सगळं ऐकतो हा,' असं होतं. आता ते लागणार नाही.