‘ही बारव कधीही आटत नाही’

११ मार्च

सहाव्या दिवशी नळाला पाणी. पाऊण तास. पिंप भरायला लावून चहाचा कप घेऊन बसलो आणि सवयीनं ‘अलीकडील बदल’ उघडले. कुणी कोकणातल्या खाडीच्या पानावर खेकड्यांच्या चार जाती घालून गेलंय. कुणी एका धातूचा उत्कलनबिंदू दुरुस्त केलाय. कुणी नुसता एक अनुस्वार देऊन गेलं. नाव नाही, गाव नाही, पगार नाही, शाबासकी नाही. मराठीतला हा फुकटचा ज्ञानकोश, ज्याला यायचं त्यानं यावं, लिहावं. आठ वर्षं झाली मला इथं. त्यातली पाच प्रचालक म्हणून, म्हणजे पानांना कुलूप लावायचं-काढायचं, भांडणं मिटवायची, कुणी घाण टाकली की उपसायची. तरी ही यादी पाहिली की अजून अंगावर काटा येतो. जन्मभर फळ्यावर लिहिलं आणि शाळा सुटताना पुसलं. इथं पुसलेलंसुद्धा राहतं, तारीख-वेळेसकट.

वैशाली, सूनबाई, आतून ओरडली, “बाबा, जगाचं ज्ञान नंतर! पिंप वाहतंय.”

खरंच वाहत होतं. अशा दुष्काळी सालात. दिवसभर बोलणी.

१४ मार्च

कौसाचा फोन. रांजणदऱ्याची. लासूर स्टेशनच्या पुढं, माळाच्या पोटातलं गाव. माझी पहिली नेमणूक तिथली. कौसा तेव्हा तिसरीत, मेंढरं राखणाऱ्याची पोर. आता नातवंडांची आजी, ग्रामपंचायतीत मेंबर.

“मास्तर, तुमी आमच्या बारवेचं कायतरी छापलंय का?”

“छापलं नाही गं. लिहिलंय. इंटरनेटवर.”

“तेच ते. त्याच्यापायी टँकर अडलाय आमचा.”

मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. गावानं टँकरचा प्रस्ताव दिला होता, तो तहसिलातून परत आला. सोबत पेपरचं कात्रण आणि शेरा : गावात बारमाही पाण्याची बारव असल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे, फेरपाहणी करावी.

“बारव संक्रांतीलाच खडखडीत झाली, मास्तर. फेरपाहणी व्हईस्तोवर मेंढरांना काय तुमचं इंटरनेट पाजू?”

म्हटलं, अगं, पेपरवाल्यांनी काय लिहिलं त्याला मी काय करू. मग तिनं कात्रण वाचून दाखवलं. अडखळत, एकेक शब्द सुटा करून, तिसरीत वाचायची तसंच. “‘ऐन वैशाखातही... जिच्या पोटात... ओंजळभर आभाळ असते... अशी ही बारव... कधीही आटत नाही.’”

वाक्य माझं. ओंजळभर आभाळासकट.

१५ मार्च

पानाचा इतिहास उपसला. सगळं आहे तिथं. सात वर्षांपूर्वी एका बोटानं टाइप केलेलं माझं वाक्य. मागून कुणीतरी त्यावर ‘भाषा काव्यमय आहे’ अशी पाटी लावलेली, ती मीच रागानं काढलेली. (लाज वाटली.) मग गेल्या वर्षी पेपरात बारवेवर लेख आला, त्यात माझं वाक्य जसंच्या तसं. आणि पुढच्याच आठवड्यात ‘माळढोक’ या नावानं इथं लिहिणाऱ्यांनी तो लेख माझ्या वाक्याखाली संदर्भ म्हणून जोडून दिला.

म्हणजे मी बोललो, पेपरानं उतरवलं, आणि पेपर माझा साक्षीदार झाला. खोटं कुणीच बोललं नाही. वर्गात एकाचं गणित दुसऱ्यानं उतरवावं आणि मग पहिल्यानं म्हणावं, बघा गुरुजी, याचंही उत्तर तेच आलं!

वाक्य काढलं. लिहिलं : ‘बारव सध्या कोरडी आहे.’ जेवून येतो तो जुनं वाक्य परत जागेवर. माळढोकांची टीप : “संदर्भ असलेला मजकूर काढू नये. नव्या विधानास संदर्भ नाही. धन्यवाद, गुरुजी.”

माळढोक म्हणजे कोण, ठाऊक नाही. बाई की बुवा तेही नाही. एवढ्या वर्षांची ओळख, नावही टोपणनाव. पक्ष्यांची दीडेकशे पानं एकहाती लिहिलीत एवढं माहीत.

माझ्या हातात कुलूप आहे. माझं नवं वाक्य ठेवून पान बंद करता आलं असतं. बोट तिथवर गेलंही. पण स्वतःच्या भांडणात प्रचालकानं कुलूप लावायचं नाही, हा नियम ज्ञानकोशाच्या चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, तासभर वाद घालून मीच मंजूर करून घेतलेला.

१६ मार्च

पानामागच्या चर्चेत दिवस गेला. मी सांगितलं, मूळ वाक्य माझं, मनानं लिहिलेलं. पेपर नंतरचा, तारखा बघा.

माळढोक : “पटलं. पद्धतीप्रमाणे सात दिवस चर्चा खुली ठेवू, हरकत नसेल तर वाक्य काढू. पण ‘कोरडी आहे’ याला आधार?”

मी : “गावातली माणसं सांगतात.”

“‘आटत नाही’ हेही तेव्हा गावातल्या माणसांनीच सांगितलं असेल ना?”

कुणी सांगितलं होतं मला? आठवून पाहिलं. कुणीच नाही. दुपारी वर्ग तापायचा, म्हणून मी पोरांना बारवेच्या नवव्या पायरीवर न्यायचो. पाय पाण्यात. कविता म्हणायला लावायचो. आवाज खाली जाऊन फिरून अर्ध्या ओळीनं उशिरा वर यायचा, जणू खाली आणखी एक शाळा भरलीय. असं पाणी आटेल हे मनातच आलं नाही. तेवढाच आधार.

संध्याकाळी कौसा : “तहसिलातल्या सायेबांनी मोबाइलात बघितलं. म्हणले, अजून तसंच हाय की. इतकी शिकलेली माणसं खोटं लिवतील व्हय?”

१९ मार्च

रांजणदऱ्याला जाऊन आलो. सकाळची एसटी. पूर्वी शहरातला छावणीचा भाग सोडला की माळ लागायचा. आता मिटमिट्याच्या पुढंही इमारती, आणि इमारती संपल्या की प्लॉटचे दगड. चुन्यानं रंगवलेले, पेरल्यासारखे ओळीत. लासूर स्टेशनहून काळीपिवळी.

बारव कोरडी. नवव्या पायरीवर उभा राहिलो तर भिंत धरली, एवढी खोली पायांखाली होती आणि मी तिच्यावर बसून कविता शिकवल्या. कौसा म्हणाली, “उतरा की. आता बुडायची भीती नाय.” चौतीस पायऱ्या मोजल्या. खालचे कोनाडे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, असं तेव्हा वाटलं. कमळं कोरलेली, पाण्याखाली, कुणी बघणार नाही अशा जागी. त्या गवंड्याला काय वाटलं असेल?

तळाशी दोन बाया वाटीनं झऱ्यातलं पाणी हंड्यात भरत होत्या. बाजूला गाळातून निघालेली भांडी. कळश्या, तांबे, एक चेपलेली घागर. धुवायला पाणी कुठलं; कौसानं पदरानं पुसली आणि माझ्या पुढ्यात मांडली.

“वाचा मास्तर. बारीक अक्षर हाय, आमाला दिसत नाय.”

भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी घातलेली नावं. मी वाचत गेलो. चि. सौ. कां. गयाबाई हिस मामाकडून. कै. तुळसाबाईच्या स्मरणार्थ. शेवंता, लग्नतिथी, खाली देणाऱ्याचं नाव. नाव वाचलं की वरच्या पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडायचं, “ती आमची चुलती!” तोवर निम्मं गाव पायऱ्यांवर येऊन बसलेलं.

एक म्हातारी तरातरा खाली आली. “दाव ती कळशी. ह्या कळशीपायी सासूनं मला दोन महिने बोल लावला. म्हणे, माहेरी धाडलीस! बघा आता, इथं पालथी मेलीया.” आणि कळशीलाच एक चापट मारली. बाया हसून हसून बेजार.

दिलं कुणी, कुणाला, कशानिमित्त, कधी. आम्ही ज्ञानकोशात संदर्भ म्हणजे काय ते नवीन लोकांना शिकवून थकतो. इथं प्रत्येक तांब्यावर होता.

“बहात्तरला बी अशीच निघाली व्हती भांडी,” कौसा म्हणाली.

“बहात्तरला? तेव्हा बारवेला पाणी होतं.”

तिनं माझ्याकडं चमकून पाहिलं. “असं काय करता, मास्तर? तुमीच तर आमाला रांगेत उभं केलं गाळ काढायला. पाट्या वाहून टकुरं सोललं माझं. अन् वर कविता म्हणायला लावली, दम लागू नये म्हून!”

मला काही आठवेना. एक पाटी आठवेना.

शाळेत गेलो. आताच्या बाईंनी कपाट उघडून दिलं. बहात्तरचं लॉगबुक, कडा वाळवीनं खाल्लेल्या. ‘बारव पूर्ण आटली. तिसरी-चौथीच्या मुलांच्या श्रमदानाने गाळ काढला.’ अक्षर माझं. सही माझी. गोल, तरणी, ऐटदार सही.

त्या पानाचा फोटो काढून घेतला.

२० मार्च

लॉगबुकाच्या पानाचा फोटो चर्चेत ठेवला. माळढोक : “हस्तलिखित, अप्रकाशित. शिवाय लिहिणारे तुम्हीच. आता कोणत्या गुरुजींवर विश्वास ठेवू, बहात्तरच्या की नंतरच्या?” पुढं हसरा चेहरा. मीही हसलो. बऱ्याच वेळानं.

मग त्यांचंच : “बारवेचा फोटो चढवा. आज दिसतो तसा. फोटो चालतो.” कौसानं काढून पाठवला, मी चढवला. दुपारपर्यंत चर्चेत आणखी पाच जण. एक नागपूरचे, एक मस्कतमध्ये नोकरीला असलेले, एक कुणी ‘पिठलंभाकरी’ नावाचे. कमानी कोणत्या घडणीच्या, ‘तळ’ म्हणावं की ‘बूड’, फोटो कोणत्या दिशेनं. यांतल्या एकानंही रांजणदरा पाहिलेला नाही. पाहण्याची शक्यता नाही. आणि सगळे कामधंदा सोडून त्या खड्ड्याभोवती वाकून उभे.

वैशालीला दाखवलं. वाचून म्हणाली, “बाबा, एवढी माणसं आपल्या सोसायटीच्या मीटिंगला येत नाहीत.”

२३ मार्च

सात दिवस झाले, हरकत नाही. माळढोकांनी वाक्य काढलं. ओंजळभर आभाळही गेलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं.

आता पानावर पायऱ्या आहेत, कमानी आहेत, कोनाड्यांतली कमळं आहेत (फोटोच्या आधारानं). पाण्याबद्दल चकार शब्द नाही.

कौसा : “सायेब म्हणतेत, आता तर पाण्याचं कायच लिवलं नाय. फोटो कवाचा कशावरून? सत्ताविसाला अकराला येतो, म्हणले. आले नाय आले, कुणाला ठावं.” बायांनी आता झऱ्यावर पाळी लावलीय. घरटी दोन कळश्या. मेंढरं घेऊन दोन घरं पैठणच्या अंगाला, धरणाकडं निघाली.

२५ मार्च

कौसाचा फोन, माझा चहा निवला.

“मास्तर, तिथं कुणीबी लिवू शकतं, असं म्हणला व्हता तुमी.”

“हो. कुणीही.”

“मी बी?”

“तूही. पण नुसतं आपल्याला माहीत आहे म्हणून लिहायचं नाही, कौसा. कुठं छापलेलं असलं पाहिजे. नाहीतर कुणीही काहीही लिहील.”

“जसं तुमी लिवलं.”

“...हो. जसं मी लिहिलं.”

“मी रोज चौतीस पायऱ्या उतरते, मास्तर. ती छापलेली माणसं किती उतरली?”

नियम बरोबर आहे. तिचंही बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी कसं, ते फळ्यावर मांडून दाखवता येईना. खातं कसं उघडायचं तेवढं सांगितलं. म्हणाली, लई बटणं दाबावी लागतेत, बघते.

२७ मार्च

सकाळी साडेदहा. ‘अलीकडील बदल’मध्ये नवं नाव : कौसा रांजणदरा. पानाच्या अगदी शेवटी एक ओळ.

‘बारव आटली हाय. तळाला झऱ्याचं पानी येतं ते दुपारपस्तोर पुरतं. मी सोता भरते.’

संदर्भ नाही. नियमानं उलटवायचं, म्हणजे ओळ काढून पान होतं तसं करायचं. अशा हजारभर ओळी मी उलटवल्या असतील, चहा पिता पिता, नाव न बघता. त्यांतल्या किती जणी रोज पायऱ्या उतरत होत्या, देव जाणे.

ओळ चार वेळा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा आवाज ऐकू आला, एकेक शब्द सुटा. मोठमोठी माणसं कोश लिहायला बसली तेव्हा त्यांनी कौसाला विचारलं नसतं. मीही नाही विचारलं, सात वर्षांपूर्वी. आज ती न विचारता आत आली, आणि जगातल्या कुठल्याही माणसानं ते पान उघडलं तर आत्ता ह्या घटकेला शेवटचा शब्द तिचा आहे. ही गोष्ट मला पेलत नाही.

‘पानी’, ‘सोता’. दुरुस्तीला हात शिवशिवला. जुनी खोड. नाही केली.

उलटवलंही नाही. ‘बदल पाहिला’ अशी खूण करायची असते, तीही केली नाही. माळढोकांना दिसेल, ते उलटवतील, तो त्यांचा अधिकार. किंवा पिठलंभाकरी. मी भांडणार नाही. फक्त तोवर...

अकराला पाच कमी. वैशाली विचारतेय, जेवायला काय करू. जीप आलीच तर आता गावात शिरत असेल. साहेब खाली उतरायच्या आधी मोबाइल काढून हे पान बघतील.

ओळ अजून आहे.