तालांत उसेनोव यांच्या नावे ठेवलेला मूळ मसुदा

मी, चारुशीला विश्राम ढवळे, वय सत्तावीस, मूळची रिसोड, जिल्हा वाशीम येथील, सध्या राहणार सेक्टर ३८, चंडीगढ, व्यवसाय वैद्यकीय कागदपत्रांचे इंग्रजी-रशियन भाषांतर, हे लिहून ठेवते. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. भीती वाटत नाही. एप्रिलपासून फारसे काहीच वाटत नाही.

१. घर किंवा जमीन माझ्या नावावर नाही. बँकेतील शिल्लक वडील विश्राम व आई प्रतिमा यांना निम्मी निम्मी द्यावी. आईने शिवणयंत्राला मोटर बसवून घ्यावी. "माझे पाय काय झिजले का?" असे ती म्हणेल. तरी बसवावी.

२. माझी पदवी ही आमच्या घरातली पहिली. लक्ष्मीकांतकाका तेव्हा चारचौघांत म्हणाले होते, "रशियन शिकून काय करशील बाई, रिसोडच्या बाजारात रशियनमधून भाजी विकशील?" प्रमाणपत्राची फ्रेम केलेली प्रत त्यांना द्यावी. मी त्यांना माफ केले आहे. पण फ्रेम बैठकीच्या खोलीतच लावावी.

३. इंग्रजीत डॉक्टर आपला मुद्दा जपून मांडतात: असे दिसते, अशी शक्यता आहे, पुरावा अजून अपुरा आहे. तो रशियनमध्ये तितकाच जपून कसा मांडावा, याची माझी चार वर्षांची नोंदवही आहे. ती ऑफिसमधल्या शिशिरला द्यावी. तो मला चिडवायचा, "दीदी, आपकी डायरी में पक्का तो कुछ है ही नहीं." त्याने ती वापरावी.

४. किर्गिझस्तानातल्या बिश्केकचे, रशियन वाचणारे तालांत उसेनोव आठ वर्षांच्या मुलीला उपचारांसाठी इथे घेऊन आले होते. डॉक्टरांनी लिहिले होते की या औषधाने कदाचित थोडा काळ मिळेल, खात्री नाही, आणि तिला घरी नेणेही तितकेच योग्य ठरेल. मी तसेच भाषांतर केले. आमच्या एजन्सीच्या प्रमुख सरोज मॅडम म्हणाल्या, "यार चारुशीला, हर लाइन में शायद? क्लायंट को भरोसा चाहिए, मौसम का हाल नहीं." मी शंकेचे सर्व शब्द काढले. घरी नेण्याचे वाक्यही काढले. त्यांनी सांगितले, पण हात माझा होता.

उसेनोव इथेच थांबले. मुलगी एप्रिलमध्ये गेली. विमानतळावर सोडायला मी गेले होते. ते मला म्हणाले, "कागदावर लिहिले होते, औषधाने आणखी काळ मिळेल. म्हणजे चूक माझीच. मी तिला आइस्क्रीम दिले होते." कागदातले शब्द मी काढले होते, हे मी त्यांना सांगितले नाही. गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे.

माझ्या मृत्यूनंतर माझी खोलीतली मैत्रीण गिरिजा हिने लॅपटॉपमधील भाषांतराचा माझा मूळ मसुदा उसेनोव यांना पाठवावा, म्हणजे आइस्क्रीमचा काही संबंध नव्हता हे त्यांना कळेल. त्यानंतर लॅपटॉप भाऊ हेरंब याला द्यावा.

५. गिरिजा ही या मृत्युपत्राची व्यवस्थापक राहील.

दुरुस्ती: सही करण्यापूर्वी साक्षीदारांना वाचून दाखवताना मी कलम ४ मधील शेवटचा परिच्छेद खोडला आहे. त्यांपैकी सुबोध यांनी विचारले होते, "आणि तू वाचलीस तर?" शस्त्रक्रिया बहुधा नीट होईल, असे डॉक्टर म्हणतात. म्हणजे मी बरी झाले, तर उसेनोव यांनी माझ्या मरणापर्यंत स्वतःला दोषी धरत राहायचे. मूळ मसुदा आणि तो कोणी बदलला हे सांगणारे चार ओळींचे पत्र मी आत्ताच, दोघांसमोर, त्यांना पाठवले. लॅपटॉप हेरंबला, कोणत्याही अटीशिवाय.

दुसरी साक्षीदार मेघना म्हणाली, "नोकरी जाईल गं."

हो, जाईल.

सही: चारुशीला विश्राम ढवळे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
१. सुबोध दत्तात्रय खांबेटे, सेक्टर ३८
२. मेघना अंशुमन राजे, मोहाली

स्थळ: चंडीगढ
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४