चार मीटरची नोंद

भवानी पेठ, सोलापूर
१२ फेब्रुवारी २०२५

दादा,

नमस्कार लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. ऊन आत्तापासूनच चटके देतंय. फोन केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

चौकशीत द्यायला तू माझ्या नावाने पाठवलेला जबाब मिळाला. काय सुबक टाईप केलायस! ‘पाणबुड्या येडू हा मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत, परवानगी न घेता पाण्यात उतरला.’ खाली माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. आईला म्हणे सांगितलंस, “ऋतुजाला म्हणावं नुसती सही कर, बाकी मी बघतो.” लहानपणापासून बाकीचं तूच बघत आलायस.

येडूला सर्वेक्षणाच्या बोटीवर कोणी आणलं? तू. मंद्रूपला लोकांच्या विहिरींतला गाळ काढणारा माणूस तो. दम मोठा म्हणून तू त्याच्या पाठीला सिलिंडर बांधलास आणि समुद्राच्या कामाला जुंपलंस. विहिरीचं पाणी ओढत नाही, दादा. समुद्रावर डॉक्टरेट केलेल्या माणसाला हे मी सांगायचं?

त्या दिवशी सकाळी भरती पूर्ण होती. मी पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली, ती चार मीटरवर दिसेनाशी झाली. दुपारी ओहोटी लागली, खाडीतून गढूळ लोंढा आला आणि तीच तबकडी एका मीटरच्या आतच दिसेनाशी झाली. खळबळ मोजायचा प्रोबही मी सोडला होता. त्याच्या टोकाला पाण्याचा बारीकसा हिसकाही कळतो. तळाजवळ आलेख पार विस्कटला होता. लॅपटॉप मी तुझ्यासमोर धरला. तू चहा पीत होतास. म्हणालास, “सकाळचाच आकडा राहू दे. प्रवाहमापकाची चौकट आज तळाला बसलीच पाहिजे.”

पत्र इथेच थांबलं असतं तर तुलाही सोपं गेलं असतं आणि मलाही. दोन महिने मी सगळ्यांना इथपर्यंतच सांगत होते.

वहीत दुपारच्या रकान्यात चार मीटर मीच लिहिले. माझ्या अक्षरात. मग येडू मास्क कपाळावर सरकवून माझ्याकडे आला. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे.

“ताई, खाली दिसंल न्हवं?”

मी म्हणाले, “दिसेल.”

त्याच्या कमरेचा दोर चौकटीत गुंतला. कापायला सुरी होती, पण दोर दिसत नव्हता. त्याचं प्रेत वर काढलं तेव्हा सुरी मुठीत घट्ट होती आणि हातावर त्याचेच वार होते. तू त्या हाताकडे बघितलं नाहीस. मी बघितलं.

गेल्या गुरुवारी मंद्रूपला गेले. त्याची बायको गुरम्मा दारात तूर पाखडत होती. तुझा जबाब वाचून दाखवला. ती म्हणाली, “दारूच्या वासानं बी मळमळायचं त्यास्नी.” मग मी माझं सांगितलं. तिचा हात थांबला.

“तुमी दिसंल म्हनला, म्हनून उतरले व्हय?”

“हो.”

तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “हितं रडू नगा. जितं लिवून घेत्यात, तितं जावा की.” पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबर केलं.

सोमवारी मी चौकशी अधिकाऱ्यांसमोर बसले. वहीत काहीही लिहिता येतं, प्रोब मात्र प्रत्येक मोजणीची वेळ आपणहून नोंदवतो. दुपारच्या त्या विस्कटलेल्या आलेखाची फाईल दिली. तुझं बोलणं सांगितलं, चहासकट. माझा तो एक शब्दही सांगितला. नोकरी गेल्यात जमा आहे, खटलाही होईल. आईच्या कानावर घातलंय. ती माझ्याशी बोलत नाही, तुझीच बाजू घेते. आनंद मान.

वकील बघ. मला समजवायला इकडे येऊ नकोस, दार मी उघडणार नाही. मी दिलेल्या जबाबात दोषी म्हणून पहिलं नाव माझं आहे, दुसरं तुझं. ते खोडायला कोणाला पाठवलंस, तर त्याचाही जबाब देईन.

बहीण म्हणून ही शेवटची सही,
ऋतुजा